शेवटचं पान मुलांचं

चित्रातल्या मुलीला नाक नाही. चित्रकार विसरला नसावा, कारण चित्रात दुसऱ्याही कुणाला नाक नाही. डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाची एक रेघ, आणि अंगात घोट्यापर्यंत लोंबणारा हिरवा कोट.

*

बस बाहेरून धुताना वरून खाली यायचं. आतून धुताना मागून पुढे. शेवटी फिनेल. तळहात साबणाने साफ होतात, पण कोपराच्या आतल्या बाजूला वास राहतोच.

*

"वन्सं, दुधाचं भांडं तुमचं वेगळं ठेवत जा बाई. म्हणजे उतू गेलं तर तुमचंच जाईल."

*

नवं वाक्य आलं की टाळ्या. आधी सगळ्यांनी ते वाक्य म्हणायचं, एका शब्दाला एक टाळी. मग ज्याने ते पहिल्यांदा म्हटलं त्याच्यासाठी कडकडाट. हा वर्गाचा नियम.

*

लाकडी चिमटे कपडे वाळत घालायला असतात. पुस्तकाचं शेवटचं पान मिटून ठेवायलाही चालतात.

*

लहान मुलं मुळात दुष्ट नसतात, असं प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला सांगण्यात आलं. मग चहा झाला.

*

टीचर म्हणजे पहिलीला इंग्रजी शिकवणारी बाई. मुलं तिला टीचर म्हणत. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि मोठ्या बाई टीचरला 'आमच्या तात्पुरत्या' म्हणत. दर उन्हाळ्यात तिची नोकरी बंद पडायची आणि शाळा उघडली की पुन्हा लागायची, जुन्या ट्यूबलाइटसारखी, जरा फडफडून.

ती भावाकडे राहायची. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायची आणि सगळ्यांच्या आधी उठून, आपण रात्री इथे होतो याची एकही खूण राहणार नाही अशी चादरीची घडी करून कपाटावर ठेवायची.

आता कायमची जागा निघाली होती. एकच. कायम झाली की भाड्याची खोली घेता येणार होती. खोली, दाराला आतून कडी आणि हवं तेव्हा उतू घालवता येईल असं दूध.

"साहेब येतायत तुझा पाठ बघायला," मोठ्या बाई म्हणाल्या. "चित्रपुस्तकवाले साहेब."

चित्रपुस्तकातून इंग्रजी आणि इंग्रजीतून परक्या माणसांची ओळख, ही योजना या साहेबांनीच शाळाशाळांत आणली होती.

"त्यांना पाठ केलेलं चालत नाही हं. एका शाळेत पोरांनी घडाघडा म्हणून दाखवलं, तर हे उठून गाडीत जाऊन बसले. वाक्य पोटातून यायला पाहिजे म्हणतात."

"पोटातून?"

"पोटातून. आणि परक्या माणसाबद्दल आपुलकी. तीही पोटातूनच."

"आणि नाही आली तर?"

"तर काय, तात्पुरती आहेसच की तू."

*

पुस्तकात एक मुलगी बोटीतून येते. पहिल्या पानावर समुद्र, दुसऱ्यावर फाटक. तिसऱ्या पानावर वर्ग. सगळी मुलं बोलतायत, त्यांच्या तोंडांतून रंगीत गुंडाळ्या निघतायत आणि हिच्या तोंडातून पांढरी, रिकामी. चौथ्या पानावर ती बाकाच्या टोकाला बसली आहे. कोट काढलेला नाही.

त्यापुढे शेवटचं पान. त्याला दोन चिमटे.

साहेबांची पद्धत अशी. चार पानं वाचायची. मग एका मुलाला पिवळ्या खुर्चीवर बसवायचं. खुर्चीवर बसलं की ते मूल स्वतः राहत नाही, चित्रातली मुलगी होतं. बाकीच्यांनी तिला इंग्रजीत प्रश्न विचारायचे. मग शेवटच्या पानावर काय होत असेल ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, कारण शेवटचं पान मुलांचं. आणि मग चिमटे काढून पान उघडायचं. पान उघडलं की खेळ संपला, खुर्चीवरचं मूल पुन्हा स्वतः होतं, खाली उतरतं.

टीचरने आधी खुर्चीवर बाहुली बसवली.

"विचारा. एनी क्वेश्चन?"

"व्हॉट इज युअर नेम?" मॉनिटर म्हणाली. ही पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची, वर्गाची मॉनिटर.

"हाऊ आर यू?" दुसरं कुणीतरी.

मग प्रश्न संपले. भोंग्या, ज्याचा आवाज मैदानाच्या पलीकडे जायचा, तोसुद्धा पट्टीने बाक कोरत बसला.

मग मॉनिटरला बसवून पाहिलं. तिला प्रश्न आले: व्हॉट इज युअर नेम, हाऊ आर यू. तिने उत्तरं दिली, स्वतःचं नाव सांगितलं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

टीचरच्या डोळ्यांसमोर साहेब उठून गाडीकडे चालू लागले.

*

नवी खिडकीकडच्या बाकावर, टोकाला बसायची. वर्ष सुरू झाल्यावर मध्येच आली होती, बापाबरोबर, लांबून. घरची भाषा वेगळी. शाळेची भाषा निम्मी समजायची. बाप डेपोत बस धुवायचा. तिच्यानंतर वर्गात आणखी एक मूल आलं, ते आठवड्यात जुनं झालं. नवी नवीच राहिली.

मधल्या सुट्टीत ती फळीवरून ते पुस्तक काढायची. बोटीचं पान, फाटकाचं पान. हिरव्या कोटावरून बोट फिरवायची. चिमट्यांपर्यंत आली की पुस्तक मिटून, कडा जुळवून, जागेवर ठेवायची.

"तुला बसायचं खुर्चीवर?" टीचरने विचारलं.

नवीने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारलं का ते.

"बसलीस की तू तू नाहीस हं. तू ही मुलगी. कळलं?"

"हिरवा कोट?"

"हो, हिरव्या कोटवाली."

"आणि मग पान उघडणार?"

"मग पान उघडणार."

नवी खुर्चीवर बसली. पाय जमिनीला टेकेनात. तिने ते घोट्यापाशी जुळवून घेतले, चित्रातल्यासारखे.

आणि वर्गात काहीतरी झालं. बाक करकरले. पोरं पुढे सरकली. इतके दिवस ज्या पोरीला विचारायचं राहून गेलं होतं ती आता समोर, उंचावर बसली होती, आणि विचारायची परवानगी होती. नुसती परवानगीच नव्हे, तो अभ्यास होता.

"व्हाय युअर बॅग ब्रोकन?" भोंग्या म्हणाला.

टीचर दचकली. हे वाक्य तिने शिकवलेलं नव्हतं. ते आपलं आपण आलं होतं. पोटातून.

"व्हाय इज युअर बॅग ब्रोकन," ती म्हणाली. सवयीने, तोंडातून निघूनच गेलं. "ऑल टुगेदर?"

"व्हाय! इज! युअर! बॅग! ब्रोकन!" पाच टाळ्या. मग भोंग्यासाठी कडकडाट.

"नो फ्रेंड. व्हाय नो फ्रेंड?"

"व्हाय डू यू हॅव नो फ्रेंड्स. व्हेरी गुड. ऑल टुगेदर?"

आता हात थांबेनात.

"व्हाय यू स्मेल?"

हे मॉनिटरने विचारलं. टीचरने क्षणभर नवीकडे पाहिलं. नवीचे कान लाल झाले होते, पण तोंड चित्रासारखंच होतं, एक रेघ.

"व्हाय डू यू स्मेल," टीचर म्हणाली.

वर्गाने टाळ्यांवर ते म्हटलं. नवी विचार करत होती. मग तिला पुस्तकात उत्तर सापडलं.

"आय कम बोट," ती म्हणाली. "बोट स्मेल."

किती हुशार पोर, टीचरला वाटलं. पात्रात राहून उत्तर दिलं. साहेब खूश होतील.

त्या दिवशी वेळ संपली म्हणून टीचरने पाठ तिथेच थांबवला. पान उघडायचं उद्यावर, साहेबांसमोर.

*

"मग, काय म्हणतेय तुमची परीक्षा?" वहिनीने विचारलं. ती भाजी निवडत होती, टीचर तिला शेंगा सोलून देत होती.

"छान झाली आज तयारी. मुलं बोलायला लागली."

"मुलं बोलायला लागली का? अगंबाई. मग आता तुम्ही गप्प बसलात तरी चालेल."

दादा पेपरामागून हसला. "तू कायम झालीस ना, की बघ, तुझ्या वहिनीला करमणार नाही."

"कसं करमेल? दिवाणावर पाय पसरून रडत बसेन मी," वहिनी म्हणाली. "वन्सं, शेंगेत दाणे राहतायत हं. कायम व्हायच्या आधी दाणे तरी नीट काढा."

टीचरने टाकलेली टरफलं पुन्हा उचलली आणि एकेक तपासली. वहिनीचं खरं होतं, दाणे राहिले होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी नवीचा बाप उभा होता. धुतलेला शर्ट, ओले केस, हात मागे. शाळेची भाषा तो जपून बोलायचा, दुसऱ्याची वस्तू हातात घेतल्यासारखी.

"टीचर. हिने घरी सांगितलं. खुर्ची दिली तुम्ही हिला."

"हो. छान करते ती."

"सगळी मुलं हिच्याशी बोलतात म्हणे. आधी कुणी बोलत नव्हतं." त्याने हात पुढे आणला, मग काय करायचं ते न सुचून पुन्हा मागे नेला. "आज सुट्टी घेतली. बघू का मी? बाहेरून. आवाज नाही करणार."

टीचरने नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण तेवढ्यात साहेबांची गाडी फाटकातून आत वळली आणि मोठ्या बाई पदर सावरत पायऱ्या उतरल्या.

"उभे राहा व्हरांड्यात," टीचर म्हणाली आणि पळाली.

*

साहेब मागे, मुलांच्या खुर्चीवर बसले. गुडघे छातीला आले. मोठ्या बाई उभ्याच राहिल्या.

"खिडकीत कोण?"

"पालक, सर. खुर्चीवर बसणार त्या मुलीचे," टीचर म्हणाली.

"वा. पालकांचा सहभाग," साहेब म्हणाले आणि मान डोलावली.

चार पानं वाचून झाली. नवी खुर्चीवर बसली. खिडकीच्या गजांमागे बापाचा चेहरा. त्याला बघून नवी किंचित हसली आणि मग, आपण ही नव्हे ती आहोत हे आठवून, तोंडाची रेघ केली.

"एनी क्वेश्चन?"

हात वर गेले, सगळे एकदम. मोठ्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पाहत होते.

"व्हाय डू यू स्मेल?" भोंग्याने कालचं, दुरुस्त केलेलं वाक्य म्हटलं.

"आय कम बोट. बोट स्मेल."

"नो बोट!" मॉनिटर उभी राहिली. "यू नो बोट. यू बस. युअर फादर वॉश बस!"

वर्ग हसला. साहेब पुढे झुकले. "बघा," ते मोठ्या बाईंना हलक्या आवाजात म्हणाले, "पुस्तकातलं जग स्वतःच्या जगाशी जोडलं. कुणी न सांगता."

"युअर फादर वॉशेस बसेस," टीचर म्हणाली. "ऑल टुगेदर?"

"युअर! फादर! वॉशेस! बसेस!"

खिडकीत बापाला शेवटचा शब्द तेवढा कळला. त्याने हसून मान हलवली, हो हो, बस.

"युअर फादर स्मेल ऑल्सो?"

"नो मदर? व्हाय नो मदर?"

"यू ईट बस?"

वाक्यं येत होती. काही मोडकी, काही सरळ, सगळी ताजी. टीचर धावत होती, पडेल ते उचलून सरळ करत होती, परत पोरांच्या हातात देत होती. आई नसल्याच्या वाक्यावरही टाळ्या झाल्या. खुर्चीवर नवी उत्तरं शोधत होती. बोट. सी. ग्रीन कोट. पुस्तकात होते तेवढे शब्द तिने एकेक करून पुढे केले आणि ते संपले.

"नाऊ," टीचर म्हणाली. तिने पुस्तक उचललं आणि अंगठा चिमट्यावर ठेवला. "लास्ट पेज. व्हॉट हॅपन्स?"

शेवटच्या पानावर काय आहे ते तिला अर्थातच माहीत होतं. तिथे वर्ग आहे, मुलं आहेत, आणि हिरवा कोट खुंटीवर टांगलेला आहे.

नवीने मान लांब करून चिमट्यांकडे पाहिलं.

"शी गो बॅक," भोंग्या म्हणाला.

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं.

टीचरचा अंगठा चिमट्यावर होता. दाबला की पान उघडणार होतं. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचे डोळे चमकत होते. एवढा मोठा माणूस एवढ्याशा खुर्चीवर, आणि त्याला ती खुर्ची टोचत नव्हती. टाळी वाजवायची तर दोन हात लागतात. टीचरने पुस्तक टेबलावर ठेवलं.

"शी गोज बॅक. ऑल टुगेदर?"

"शी! गोज! बॅक!"

"अगेन?"

"शी! गोज! बॅक!" आणि मग भोंग्याने ते आणखी सोपं करून टाकलं, खुर्चीकडे तोंड करून. "गो! बॅक!"

"गो! बॅक! गो! बॅक!"

दोन शब्द, दोन टाळ्या. इतकं सोपं की खिडकीबाहेरच्या माणसालाही जमलं. गजांतून हात आत घालून नवीचा बाप टाळ्या वाजवत होता. सगळा वर्ग त्याच्या पोरीकडे तोंड करून, तिच्यासाठी, एका आवाजात काहीतरी म्हणत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

नवी बापाकडे बघत होती. मग तिनेही हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या. नवं वाक्य आलं की सगळ्यांनी वाजवायच्या असतात.

"आय गो बॅक," ती म्हणाली.

"पात्रात शिरली हो," साहेब पुटपुटले.

टीचर पुस्तकाकडे वळली तसे ते उठले. "थांबा. ते पान उघडू नका. मुलांनी त्यांचं पान केलंय, आता छापलेलं कशाला? हे मी घेऊन जातो. असंच, चिमट्यांसकट. बाकीच्या शाळांना दाखवतो, मुलं दुसऱ्याच्या आयुष्याचा विचार कसा करतात ते."

त्यांनी पुस्तक बॅगेत टाकलं. घंटा झाली. मुलं बाहेर पळाली. नवी खुर्चीवर बसून होती. तिला कुणी उतर म्हटलं नाही, आणि पान उघडलं नव्हतं. शिपायाला वर्ग झाडायचा होता, त्याने तिला काखेत धरून खाली ठेवलं.

*

सोमवारी नवी फाटकातून आत येईना. गज धरून बाहेर उभी राहिली. बापाने समजावलं, त्यांच्या भाषेत, हळू, मग जरा जोरात. मग त्याला युक्ती सुचली. तो दोन पावलं मागे सरला, हसला, आणि टाळ्या वाजवू लागला.

"गो! बॅक! गो! बॅक!"

आत मैदानात पोरं थांबली. काही जण लगेच सामील झाले. बापाने त्यांच्याकडे बघून मान डोलावली, म्हणा, म्हणा.

टीचर धावत आली. पोरांना तिने वर्गात पिटाळलं.

"टीचर, तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकते," बाप म्हणाला. "शनिवार-रविवार आम्ही हेच. शेजाऱ्यांनासुद्धा शिकवलं मी. हीच तोंड लपवते. लाजते."

टीचर खाली वाकली. "काय झालं गं? चल आत."

"ती गेली ना, टीचर," नवी म्हणाली. शाळेच्या भाषेत, एकही शब्द न चुकता. "मग मी कशी येऊ?"

"अगं, तो खेळ होता."

"पान नाही उघडलं."

पुस्तक साहेबांच्या बॅगेत होतं. तरी टीचरला दोन वाक्यांत सांगता आलं असतं, कोट खुंटीला टांगलेला आहे म्हणून. पण व्हरांड्यातून मोठ्या बाई हात उंचावून बोलावत होत्या, तोंडभर हसत. ते हसू कशाचं, ते टीचरला लांबूनही कळलं.

"वेडेपणा करू नकोस," ती म्हणाली आणि सरळ उभी राहिली. "थोडे दिवस घरी राहू द्या हिला. बावरलीय."

"किती दिवस?"

"बघू."

"बरं." तो घुटमळला. "टीचर, एक विचारू? हे म्हणतात त्याचा अर्थ काय? गो बॅक?"

मोठ्या बाई पुन्हा हात हलवत होत्या.

"शाब्बास," टीचर म्हणाली. "शाब्बास, असा अर्थ."

"वाटलंच मला."

त्याने नवीला उचलून कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी कडेवर मावेना, पाय लोंबत राहिले. तो डेपोच्या रस्त्याला लागला. तिच्या पाठीवर थोपटत, कानाशी, अगदी हळू, तो म्हणत होता, गो बॅक, गो बॅक.

*

टीचर कायम झाली. खोली मिळाली, कडी मिळाली. निघताना वहिनी म्हणाली, "दुधाचं भांडं न्या हो तुमचं, इथे कोण वापरणार?" आणि भांडं स्वतः पिशवीत घालून दिलं. पहिल्या सकाळी दूध उतू गेलं. टीचरने ते जाऊ दिलं आणि मग ओट्यावर वाळेपर्यंत पुसलं नाही.

पिवळी खुर्ची सगळ्या वर्गांना मिळाली. नवीचं नाव आधी हजेरीत राहिलं, मग गाळलं गेलं. खिडकीकडच्या बाकावर टोकाला आता दप्तरं ठेवतात. पहिलीची मुलं इंग्रजी बोलतात, न घाबरता, पोटातून. पाहुणे आले की त्यांना आधी याच वर्गात नेतात.

त्या कायमच्या जागेसाठी अर्ज एकच आला होता.